खूण

सोहारची सनाइया. सावलीतसुद्धा पान्हा चटका देतो.
मुसल्लमच्या पिकअपखाली पुठ्ठा टाकून मी उताणा,
मागच्या डिफरन्शियलचं तेल
भुवईवर ठिबकतंय. वर हौद्यात लेंड्या, सुकी खजूर.

"नट सोडायच्या आधी पंच मार," पावसकरमामू वाकून सांगतात.
"आटे मोज. होता तिथंच परत आणायचा,
वर केसभर.
जास्त आवळलास तर बेअरिंग रडतं,
कमी पडलं तर गिऱ्हाईक."

जुनं सील निघता निघेना. बांगडीएवढं रबर,
ओठ करपून कडक.
नव्यावर पाइपाचा तुकडा धरला,
चहूबाजूंनी हलकेच टक् टक्.

मामू मागच्या ईदला दापोलीला गेले,
आठव्या दिवशी परत.
रजा संपली, म्हणाले.
रजा दीड महिन्याची होती.

नटावरची खूण फडक्यानं पुसली. जुळली,
आणि केसभर पुढे.
फ्लँज हातानं फिरवला: जरा जड. असाच हवा.

गाडी रात्रभर इथंच.
खाली कोरा पुठ्ठा सरकवून ठेवला.

सकाळी मी पोचलो तेव्हा
मामू आधीच गुडघे टेकून
बघत होते.