दुरुस्तीचा अंदाज

जोलिएट, इलिनॉय. फेब्रुवारीतला मंगळवार.
मारियान कोबाल आत आली तेव्हा
बुटांबरोबर रस्त्यावरचं मीठ आलं
आणि काखेत, आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेली
वडिलांची गिटार.
पेटी कुठे, मी विचारलं नाही.
साडेअकरा डॉलरला टपालानं घरपोच येणाऱ्या गिटारीला
पेटी कुठली?

टेबलावर उताणी ठेवली, वही उघडली.

छाती कमानदार, पण कोरलेली नाही;
बर्चचे पातळ थर वाफेवर दाबून फुगवलेले.
पाठीवरचे मेपलचे वाघपट्टे रंगाचे,
कडेची पांढरी किनार ब्रशनं ओढलेली.
लग्नाला उसना कोट घालून आलेला माणूस.
कोट त्याला शोभत होता, हेही लिहायला हवं.

एफच्या आकाराच्या भोकापासून शेपटीपर्यंत चीर,
तिच्यात कुणीतरी भरलेला सुतारी सरस:
मन चांगलं, हात वाईट.
दांडीत लोखंडी सळई नाहीच. सगळा ताण
पंचेचाळीस वर्षं नुसत्या लाकडानं सोसला, मग वाकलं.
बाराव्या पडद्यावर तार इतकी उंच
की खालून पेन्सिल जावी. घालून पाहिली. गेली.
खुंट्यांची बटणं बोट लागताच
शिळ्या पावासारखी भुरभुरली.
घोडी जागची सरकलेली.
टाचेत एक जाडजूड स्क्रू, दाराच्या बिजागरीचा.

‘तो बाबांचा,’ मारियान म्हणाली.
‘तारेच्या कारखान्यात होते. तुटेल त्याला स्क्रू.’

शनिवारी स्लोव्हेनियन हॉलमध्ये पोल्का:
दोन अकॉर्डियन, बॅन्जो, ड्रम,
आणि मागे घडीच्या खुर्चीवर लुडविक कोबाल.
छक् छक्, छक् छक्.
‘आम्हाला कधी ऐकूच यायचे नाहीत.
आई म्हणायची, ते थांबले की कळतं,
नाचणाऱ्यांचे पाय चुकतात.’

मी दिवा खाली ओढला, पडदे वाचू लागलो.
पितळ मऊ असतं. बोट रोज जिथं बसतं
तिथं घर करतं.
पहिल्या पाचांवर जाड तारांखाली खोल चाकोऱ्या;
ठेका धरणाऱ्याचा हात, अपेक्षेप्रमाणे.
बारीक तारांखाली पडदे कोरे,
कालच खोक्यातून काढल्यासारखे.
फक्त नवव्यावर, सगळ्यांत बारीक तारेखाली, एक खड्डा.
सातव्यावर आणि दहाव्यावर त्याहून उथळ.

‘ते एकटे कधी वाजवायचे? एखादी चाल वगैरे?’
‘छे. येतच नव्हतं त्यांना.’

हे वहीत लिहिलं नाही. अंदाजपत्रकात त्याला रकाना नाही.
आरसा आत सरकवला:
सुटलेली पट्टी, शर्टाचं बटण, धुळीचे पुंजके,
आणि भोकाला आतून गच्च बसलेला
एक बोळा. चिमट्यानं ओढून काढला.
करड्या लोकरीचा मोजा.
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून
कोंबतात तसा.

मारियाननं तो उलगडला. टाचेजवळची वीण पाहत राहिली.
‘आईच्या हातची,’ म्हणाली,
‘ती म्हणायची, एक मोजा ड्रायरनं खाल्ला.’
मग हसली, आणि मग नाही.

एकूण तीनशे चाळीस डॉलर.
विकली तर नव्वद येतील.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हे मला स्पष्ट सांगावंच लागतं, मी सांगितलं.
‘पडदे घासून सपाट करतो. नाहीतर नवव्यावर तार करकरेल.’
‘करकरू दे,’ ती म्हणाली.
मोजा पर्समध्ये. टॉवेल इथंच विसरली.

शटर खाली ओढल्यावर
उरलेल्या त्या एका बारीक तारेवर बोट ठेवलं.
सात, नऊ, दहा, पुन्हा नऊ.
चाल ओळखू येईना.
तार इतकी उंच, की दाबताना बोट चिरत होतं.
तसंच दाबलं असणार त्यांनीही.
सात, नऊ.
खाली काहीतरी यायचं होतं, ते मला सापडलं नाही.