उकंडराव वकिलांची पांदण

दर्यापूरच्या कोर्टात, बाररूमच्या भिंतीवर
तिसरी तसबीर उकंडराव टेकाड्यांची.
काचेआड वाळवीनं डावा कान नेलेला.
डोळे मात्र
समोरचा खोटं बोलतोय हे धरूनच चाललेले.
मी इथं चौतीस वर्षं बेलिफ होतो.
समन्स वाटता वाटता
त्यांची गोष्ट तुकड्यातुकड्यानं पिशवीत जमली.

जन्मतारीख नाही.
बडनेऱ्याला आगगाडी आली त्याच्या दुसऱ्या साली,
ज्वारी पोटऱ्यात असताना, एवढंच.
आधीची दोन गेली म्हणून सुइणीनं
पोर उकंड्यावर ठेवलं, कोंडा देऊन परत घेतलं.
नाव तेच पडलं.
पुढं त्याला राव लागला, मग वकील, मग मेंबर;
सही करताना ते ‘उकंडा’ जरा मोठं काढत.

अकोल्यात रुईच्या गठाणी मोजत मोजत
मुखत्यारीची परीक्षा दिली. दोनदा नापास.
तिसऱ्यांदा पास झाले आणि त्याच घोड्यावरून गावी आले
जे भाड्यानं घेतलं होतं नापास होऊन यायला.

खारपाणपट्ट्यातला माणूस.
नागपूरला कौन्सिलात निवडून गेले
तर तिथलं गोड पाणी पचेना.
तीन वर्षांत एकदाच उठले. मराठीत बोलले:
“अध्यक्ष महाराज, आमच्याकडं रस्ता नांगरतात.”
सभागृह हसलं.
ते हसू संपेपर्यंत उभेच राहिले.
मग सांगितलं, दरसाल दोन बोटं ह्या धुऱ्यानं,
दोन बोटं त्या धुऱ्यानं,
बारा वर्षांनी बंडी निघत नाही,
बाई डोक्यावर कापूस आणते.
दुसऱ्याच कुणाच्या कायद्यात त्यांची एक ओळ शिरली:
गाडीवाट आठ हात.
नांगर घालील त्याला पंचवीस रुपये.

त्याच्या दुसऱ्या वर्षी
मैनाबाई अढाऊ ओसरीशी येऊन उभी.
“वकीलसायेब, एक अर्जी लिवून द्या.”
“कोनावर?”
“तुमच्यावर.”
“दुसरा वकील नाई का तालुक्यात?”
“हाय ना. तुमचा साया हाय.”

त्यांनी बोरू टाकला, चाकूनं नवा तासला.
अर्जी लिहिली. आठ आणे फी घेतली,
फुकट लिहिलं तर ती अर्जी राहत नाही म्हणाले.
कोर्टात स्वतःची बाजूही मांडली, कच्ची नव्हे:
वहिवाट, मोजणी, जुना नकाशा, दोन साक्षीदार.
पण अर्जीत एकही फट ठेवली नव्हती लिहिणाऱ्यानं.
हरले.
पंचवीस रुपये मोजताना कारकुनाला म्हणे,
एक नाणं बद्द वाजतंय, बदलून देतो.

लोक दोन तऱ्हेनं सांगतात.
गड्यानं परस्पर तास वाढवले, मालकाला पत्ता नव्हता.
किंवा: रुमणं स्वतः उकंडरावांच्याच हातात होतं.
मला विचाराल तर, ठाऊक होतं.
बांधाच्या कडेची ती दोन तासं
कुणाला ठाऊक नसतात असं
मी चौतीस वर्षांत पाहिलं नाही.

पुढच्या निवडणुकीत पडले.
स्वतःचा खटला जिंकता येत नाही
तो आमचं काय मांडणार, हे लोकांचं म्हणणं
अगदीच चूकही नव्हतं.
मेले ते तारखेच्या दिवशी. पुकारा झाला,
शिपाई तीनदा ओरडला,
पक्षकार बाहेर चिंचेखाली
भाकर सोडून वाट बघत राहिला.

ती ओळ कायद्यात आता नाही.
कधी गाळली, कुणी गाळली, बाररूममध्ये कुणाला सांगता आलं नाही.
ज्यानं त्यानं तसबिरीकडं पाहिलं.

मागच्या दिवाळीनंतर मी गेलो होतो त्या शिवारात,
कामाला नाही, असाच.
चिखल वाळून गाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या झालेल्या.
अलीकडं पांदण इतकी आवळलेली की
मोटारसायकल तुरीला घासते.
पलीकडंही तसंच.
मधेच अढावांच्या वावरापाशी ती रुंद होते,
वाटतं बैलाला वळायला कुणी जागा सोडली आहे.

कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत
ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत मोजली.
सात हात, एक वीत.

उरलेली वीत कुणाच्या वावरात गेली ते दिसतच होतं.
तूर फुलावर होती तिथं.
मी धोतर झटकलं.
पिशवीत आता समन्स नसतात,
पानाचा डबा असतो आणि चष्मा.