इतर हक्क

पौषातली पहाट. कॅन सायकलला बांधून झाले
आणि म्हशी नेहमीसारख्या कुंपणाच्या फटीतून आत गेल्या,
एकेक करून, पोट आत ओढून.
फट मीच पाडलेली.

कंपनीने खारातली जमीन घेतली त्याला अकरा वर्षं झाली.
कंपनी आली नाही, हरळी आली.
जिथे आमचा राता पिकायचा, लाल, जाड, खाऱ्याला न भिणारा,
तिथे घोट्याएवढं हिरवं,
बांधाच्या आत, खाडीकडे पाठ करून.

त्या दिवशी म्हशींच्या आधी कुणीतरी चरत होतं.

बगळे नव्हेत. बगळा म्हशीच्या पायाशी किड्याची वाट बघतो.
हे मान खाली घालून नुसतं गवत खात होते
गुरांसारखं, खुडखुड आवाज करीत.
राखाडी. बदकाहून थोर.
पांढऱ्या डोक्यामागे दोन काळ्या रेघा,
तलाठी बेरजेखाली ओढतो तशा,
आणि मग त्याखाली काही लिहीत नाही.

मोजले. एकवीस. परत मोजले, बावीस.
एक लंगडत होता,
तोच दोनदा मोजला गेला असेल.

वॉचमन टेकाळे शिट्टी तोंडात धरून उभा,
वाजवायची विसरून.
एरवी माझ्या म्हशी दिसल्या की तो वाजवतो,
मला ऐकू येत नाही,
असा आमचा रोजचा व्यवहार.
पैठणकडचा पोर.
दिलेली सुकट खातो, पण आधी दार लावून घेतो.

म्हणाला, मावशी, ही आमच्याकडची.
म्हटलं, तुमचेकडची म्हंजे?
धरणावर येतात. रात्री पाण्यावर, पहाटे हरभऱ्यात.
बाप डबा बडवत धावायचा.
आई म्हणायची, पाव्हणे आहेत, दोन घाटे खातील.
बाप म्हणायचा, पाव्हणे दोनावर थांबत नसतात.

मग हितं कशाला आली?
वाट चुकली असतील, तो म्हणाला.
जरा वेळाने, शिट्टी खिशात टाकत,
नाहीतर तिकडं पाणी नसेल.

माझी चांदी नाक फेंदारत त्यांच्यात शिरली.
ते उडाले नाहीत. दोन पावलं सरकले,
पंगतीत उशिरा आलेल्याला
जागा देतात तेवढेच.

सातबाऱ्यावर माझं नाव होतं, आता नाही.
टेकाळेचं कधीच नव्हतं.
पुतण्या म्हणतो, कागदावर एक रकाना असतो,
इतर हक्क.
मी विचारलं, त्यात काय लिवलंय?
म्हणाला, बोजा नाही.

पाच आठवडे शिट्टी वाजली नाही.
त्यांच्यासाठी वाजली नाही, फायदा म्हशींचा झाला.
कुत्री आली की टेकाळे काठी घेऊन धावायचा,
बापासारखा, फक्त उलट्या दिशेने.
हजेरीच्या वहीत लिहायचा:
सर्व शांत. हंस एकवीस.
पनवेलहून साहेबांचा फोन आला,
हंस म्हणजे काय, कोणती गाडी?

माघी पुनवेला उधाणाचं पाणी
उघाडीची फळी ओलांडून आत आलं.
खालच्या अंगाची हरळी पिवळी पडली.
ते वरच्या अंगाला सरकले, आम्हीपण.
गवत दिवसेंदिवस खुरटत गेलं,
चांदीचं दूध अर्ध्या लिटरने उतरलं,
आणि मी एका सकाळी खरंच दगड उचलला.
टेकाळे बघत होता.
दगड मी बांधाच्या भगदाडात बसवला.

मग एक दिवस नुसत्या लेंड्या.
हिरवट, वाळत चाललेल्या, सगळ्या रानभर.
लंगडा गेला काय, टेकाळेने विचारलं.
जसं मला सांगून गेले होते.
उतरत्या उन्हात आम्ही सगळं हिरवं पायाखाली घातलं,
लव्हाळ्यात काठी घालून पाहिली.
दोन पिसं मिळाली. ती कुणाचीही असतील.

दुसऱ्या दिवशी म्हशी फटीतून आत गेल्या
आणि तिथेच थांबल्या,
समोर एवढं रान मोकळं असून.

तेव्हा त्याने शिट्टी वाजवली. लांब.
मला ऐकू आली.
मी हात वर केला.