कात्रीची खूण

एकतीस वर्षं मागांवर काढली,
कान तिथंच राहिले.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
बावीस माग एकदम बोलायचे
आणि आम्ही जॉबर लोक
ओठ बघून भांडायचो, ओठ बघून हसायचो.

स्वप्नानं हैदराबादहून पैसे भरले, लिंक पाठवली.
सकाळी पावणेसहाला वेगाचा वर्ग,
रात्री साडेआठला संथ.
"नाना, गुडघे धरायच्या आत सुरू करा."

सकाळचं मला जमतं.
शर्वरी मॅडम पडद्यावर वाकल्या की मी वाकतो,
उडी मारून पाय मागं, छाती पुढं, ढुंगण वर,
डोळ्यांनी पकडायचं, अंगानं फेकायचं,
धोटा डावीकडून उजवीकडं जावा तसं.
एकदा मॅडम म्हणाल्या, मेरगू काका, श्वास!
मला ओठांवर दिसलं शाबास.
त्या दिवशी चार नमस्कार जादा घातले.

नळ पाच दिवसांनी येतो, तेव्हा मात्र वर्ग बुडतो.
पाणी भरणं हाही योगच, असं कुणी म्हटलं
तर मी त्याच्या हातात बादली देईन
आणि अशोक चौकामागचा आमचा
दुसरा मजला दाखवीन.

रात्रीचं वेगळं.
मे महिना, फरशी अजून तव्यासारखी.
चटई घेतली नाही, चादर अंथरतो,
आमच्याच शेडची, काठाला एक धागा चुकलेली,
म्हणून स्वस्तात मिळालेली.
या वर्गात एकेक आसन पाच-पाच मिनिटं
आणि डोळे मिटायचे.
डोळे मिटले की मी संपलो.
मॅडमचा आवाज, राजमणी सांगते, लोण्यासारखा आहे.
असेल. पहिल्या रात्री सगळे
कूस बदलून, उठून, नमस्कार करून गेले
आणि मी पुढं वाकलेला,
वाकलेलाच.

मग राजमणीनं काम अंगावर घेतलं.
ती तशीही शेजारी बसून विड्या वळते,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानं, दोरा,
सकाळी हजार द्यायच्या असतात.
मॅडम बोलल्या की ती कात्रीची मूठ
माझ्या डाव्या घोट्याला लावते.
एकदा: सोड.
दोनदा: बाजू बदल.
दाबून धरली: हलू नको, अजून आहे.
ही शेवटची खूण तिनं स्वतः काढली
आणि मला शंका आहे
ती मॅडमपेक्षा जास्त वेळ दाबते.

"तू पण कर," म्हणालो.
"माझी बोटं करतात की दिवसभर,"
ओठ तरी तसेच हलले.
खरं आहे. हजारापर्यंत वेगाचा वर्ग,
आणि रात्री भाकरी मोडतानाही
मूठ पुरती उघडत नाही, तो संथ.

काल शेवटी पाठीवर निजायचं होतं.
निजलो.
घोट्यावर गार लोखंड आलं, दाबलं गेलं, राहिलं.
मी थांबलो.
पंखा अंगाला कळत होता, कानाला नाही.
फार वेळ झाला.
संपाचे दिवस सोडले तर
इतका वेळ उभा राहिलेला माग
मी पाहिला नव्हता.
कात्री गरम झाली, माझ्याएवढी.

डोळा उघडला.
सूप बाजूला. विड्या सातशे, फार तर आठशे.
राजमणी आडवी, अर्धी चादरीवर, अर्धी फरशीवर,
कात्री माझ्या घोट्यावर, कात्रीवर तिचा हात,
आणि बोटं उघडी.
पाचही. मोजली.

मोबाइल काळा पडलेला,
काळ्यात आमची चार पावलं.
मॅडम कधीच गेल्या होत्या.

तिला उठवायची खूण
आम्ही ठरवलेली नाही.