छाट

श्रीलता पाण्याखाली काम करते.
हे वसाहतीत सांगितलं तेव्हा नरसव्वा म्हणाली,
कुठल्या पाण्याखाली? आपल्याकडं तर पाचव्या दिवशी येतं.

लक्षद्वीपच्या, म्हटलं. समुद्राच्या.
मी काही समुद्र बघितला नाही.
कुंभारीतून सिद्धेश्वर तळ्यापर्यंत, एवढंच माझं पाणी.

ती फोनवर समजावते, मी सूप मांडीवर घेऊन ऐकते.
प्रवाळ दगड दिसतो, पण दगड नाही, अम्मा.
हजारो जीव, मोहरीएवढे,
एकेकाची एकेक खोली, भिंतीला भिंत,
अंगातल्याच चुन्यानं बांधलेली.
त्यालाही वसाहतच म्हणतात.
मी दारातून बाहेर पाहिलं.
एकसारखी घरं, पार सडकेपर्यंत.
म्हटलं, पुढं सांग.

रंग त्यांचा नसतो.
आत भाडेकरू असतात, शेवाळाचे कण,
उन्हावर रांधतात, भाडं साखरेत देतात.
पाणी तापलं की बिनसतं,
मालक त्यांना बाहेर काढतो
आणि स्वतः पांढरा पडतो.

किती तापलं?
दीड अंश.
मला हसू आलं. इथं एप्रिलात त्रेचाळीस,
तेंदूपान ओल्या फडक्यात गुंडाळलं नाही तर हातात मोडतं.
दीड अंशाला कोण विचारतं?
आणि अंगात दीड अंश चढला तर, अम्मा?
मी गप्प.

मग मेलंच म्हणायचं का ते?
नाही. पांढरं म्हणजे उपाशी.
पांढऱ्याला अजून थोडे दिवस असतात.

तिच्या या जातीला मराठीत नाव नाही, तेलुगूतही नाही.
बेटाभोवती सतरा उरल्यात,
तिनं आकडे दिलेत.
चौथीची तब्येत बरी नाही, म्हणते,
जशी मी गल्लीतल्या कुणाचं सांगते.

तुटलेले तुकडे जाळीवर बांधायचे असतात.
बरोबरची पोरं प्लास्टिकच्या पट्ट्यांशी झटतात,
ही सुती दोरा घेते.
दोन वेढे, तिसऱ्यात अडकवायचं, गाठ नाही.
कुठं शिकलीस, त्यांनी विचारलं म्हणे.
सातव्या वर्षी. शाळेतून आली की दोनशे बिड्या,
मग गृहपाठ.
ते मी काही अभिमानानं सांगत नाही.

दोऱ्याची सहा रिळं पोस्टानं पाठवली.
खाऱ्या पाण्यात टिकेल का गं?
टिकायला नको, अम्मा.
तुकड्यानं जाळी धरली की दोरा कुजला पाहिजे.

परवा बारा वाजून गेल्यावर फोन.
पौर्णिमेनंतरची ती एकच रात्र असते वर्षात,
सगळ्या एका वेळी अंडी सोडतात,
कोण सांगतं त्यांना कुणास ठाऊक.
गुलाबी, राजगिऱ्याएवढी, खालून वर, खालून वर.
ओरडत होती, वाऱ्यात अर्धंच कळलं.
इकडं त्याच वेळी नळ सुटलेला,
अख्खी गल्ली भांडी घेऊन जागी,
मी फोन खांद्यात दाबून पाइप बदलत होते.

बांधलेल्या दोनशेतले किती जगले, हे विचारायचं होतं.
तोंडात आलं ते बिडीच्या ब्रँचमधलंच:
छाट किती?
एकशे एकोणचाळीस, म्हणाली.
बाबूनं एवढी छाट काढली असती तर
मी सूप तिथंच आपटलं असतं.
पण एकसष्ट, अम्मा.
एकसष्ट, पुन्हा म्हणाली,
आणि माझा हंडा भरून वाहायला लागला.