लुमाण्णाची फक्की

लाल माती. तीवर फक्कीच्या रेघा
लुमाण्णाच मारायचा.
सकाळी कॅम्पातल्या हॉकीवाल्यांची डी,
दुपारी तीच पायानं पुसून
वडगावच्या पोरांचा खो-खो.

एका साली दोन्ही क्लब भांडले,
रोलर कुणाचा म्हणून.
कोर्टात गेले. रोलर तिथंच राहिला,
आता मरगाई संघाची कबड्डीची पोरं
त्यावर बसून शेंगा फोडतात.

फलक कानडीत रंगवला, मग मराठीत, मग परत.
हल्ली नुसता पत्रा आहे.

काल फुटबॉलचा खांब रोवताना
वीतभर खाली पांढरी रेघ लागली.
कुठल्या खेळाची, कुणाला सांगता येईना.
लुमाण्णा उकिडवा बसला,
बोटानं माती सारत गेला.
"माझीच की रे ही.
हितं वाकडी गेलीय बघ.
ताप होता त्या दिवशी."