वजन टेकल्यावर

रस्ता उघडायला नऊ दिवस.
वर अबानो खिंडीत बुलडोझर अजून बर्फ कापतोय,
इथे खाली, आल्वानीत, आमच्या अंगणात
डेलिका दोन ठोकळ्यांवर नाक वर करून उभी,
पुढची चाकं अक्रोडाला टेकवलेली.

आवाज मला मार्चमध्येच आला होता.
ब्रेक दाबला की एकदा, टक्क.
सोडला की पुन्हा. हलणाऱ्या दातासारखा.
बाबांना म्हटलं. म्हणाले, कुठला आवाज?
गाडी ठणठणीत आहे, दारेजान.

हाच माणूस एके काळी
सूप पिता पिता सांगायचा
गल्लीतून गेली ती गाडी कोणाची
आणि तिचं कुठलं बेअरिंग वाजतंय.
मी वाद घातला नाही. पहार आणली.

खालच्या आर्ममध्ये घालून उचकटलं,
आर्म बोटभर मागे, बोटभर पुढे.
रबर उन्हात विसरलेल्या चपलेसारखं तडकलेलं.
बघा, म्हटलं.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला,
भेगेत बोट घातलं
आणि बराच वेळ काढलंच नाही.

बोल्ट जपानमधून गाडीबरोबर आलेला,
पंचवीस वर्षांचा.
रात्रभर डिझेल पाजलं,
सकाळी पान्याला पाइप लावून मी लोंबकळले. मख्ख.
लालभडक तापवला तेव्हा कुठे
कुरकुरत सुटला,
उसने पैसे परत करणाऱ्या मामासारखा.

जुनं रबर जाळूनच काढावं लागतं.
काळा धूर शेजारच्या चादरींवर गेला,
पेलागिया कुंपणावरून ओरडली,
मेंढी जाळताय की सासू?
मग उरते पोलादी कडी.
हॅकसॉचं पातं आतून घालून तेवढीच चिरायची,
आर्मला ओरखडा न काढता.
एवढा धीर मी लग्नातही धरला नव्हता.

नवे बुश रात्रभर फ्रीझरमध्ये होते,
खिंकालीच्या पिशवीखाली.
थंडीने केसभर आकसतात. तेवढं पुरतं.
आटे पाडलेला लांब रॉड, दोन जाड वायसर,
पाण्याच्या पाइपाचा तुकडा, हाच आमचा प्रेस.
मी नट फिरवत होते, ते दुसऱ्या टोकाला.
बुश तिरका जाऊ लागला की
माझ्या आधी तेच म्हणायचे, थांब.
कसं कळतं?
त्यांनी रॉडवरचा तळहात उचलून दाखवला,
काळा, ओला, पुन्हा ठेवला.

आर्म बसला. बोल्ट आत गेले.
मी पाना लावला, तर मनगट धरलं.
आत्ता नाही. आत्ता ती लटकतेय.
लटकताना आवळलंस तर रबर त्यालाच घर समजेल,
उभी राहिली की पिळवटून फाटेल.
चाकं लाव, खाली घे,
वजन टेकू दे. मग आवळ.

मला हे माहीत होतं.
त्यांनीच शिकवलेलं, मी चौदाची असताना.
तरी मी मान हलवली,
नव्यानेच ऐकल्यासारखी.

संध्याकाळी ओढ्यावरच्या फळ्यांच्या पुलावरून
त्यांनी गाडी दोनदा नेली, दोनदा आणली.
ब्रेक. काही नाही.
गेला का आवाज? त्यांनी विचारलं.
गेला.
मला तो कधी आलाच नव्हता, म्हणाले,
आणि इंजिन बंद करून,
पण पायाला लागत होता. मार्चपासून.

पुढे कोणीच काही बोललं नाही.
मेंढ्या पूल ओलांडून गेल्या,
मागून कुत्रा.

रस्ता उघडला त्या पहाटे
ते आपणहून डावीकडे जाऊन बसले,
सतरा वर्षांत पहिल्यांदा.
पट्टा कुठे अडकवायचा ते सापडेना.
पहिल्या चढाला, जिथे कड्यात
पडलेल्या ड्रायव्हरचा फोटो आहे आणि पेला,
तिथे हॉर्न वाजवायचा असतो. वाजवला.
दुसरा गिअर, ते म्हणाले,
तळहात दाराच्या पत्र्यावर ठेवून.